किल्ली कोणाच्या कनवटीला?

दिवाळी जवळ आली की आमच्या आजीच्या कनवटीला किल्ल्यांचा जुडगा दिसू लागे. त्यातली सर्वांत मोठी, काळी पडलेली किल्ली कोठीच्या खोलीची. हरभऱ्याची डाळ, पोहे, गूळ, तुपाची बरणी, सगळे त्या खोलीत. आणि ती उघडण्याचा अधिकार एकट्या आजीचा. आम्हां मुलांना ती फार चिक्कू वाटे. मोठेपणी मात्र एक गोष्ट ध्यानात आली. त्या किल्लीचा जो धाक आम्हांला होता, त्याहून अधिक धाक आजीला स्वतःला होता. पंगतीतले शेवटचे माणूस उठेपर्यंत ती जेवायला बसत नसे. कोठी भरलेली असताना घरातले एखादे पोर, किंवा अंगणात लाकडे फोडायला आलेला गडी अर्धपोटी उठला असता, तर आजीने ती आपल्या हातची चूक मानली असती. कोठीत किती आहे हे तिला कोणी कधी विचारले नाही. कोण जेवायचे राहिले, एवढेच ती स्वतःला रोज विचारी.

फराळाचे ताट शेजारी ठेवून हा अंक चाळणाऱ्या वाचकांना मला आज एका फार मोठ्या कोठीविषयी सांगायचे आहे. सणासुदीला असा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण अन्नाचा विषय सणाला काढायचा नाही, तर मग काढायचा तरी केव्हा? ही कोठी तुमचीआमची आहे. तिच्यातल्या धान्यापायी सरकारी तिजोरीतून वर्षाला सुमारे दोन लाख कोटी रुपये खर्च होतात. आणि तिची किल्ली कोणाच्या कनवटीला आहे, ही चौकशी आपल्यापैकी फारच थोड्यांनी केली असेल.

मनमाडचे नाव घेतले की कोणाला रेल्वेचे जंक्शन आठवते, कोणाला तेथला गुरुद्वारा. त्याच गावी भारतीय अन्न महामंडळाचे प्रचंड कोठार आहे. उत्तरेकडून गव्हाच्या आणि तांदळाच्या मालगाड्या अशा कोठारांपाशी येऊन थांबतात. बेचाळीस डब्यांची एक गाडी म्हणजे अडीच हजार टनांहून अधिक धान्य. पन्नास किलोंच्या पन्नास हजारांवर गोण्या. हमाल त्या पाठीवरून उतरवतात, लाकडी चौकटींवर त्यांच्या थप्प्या रचतात, सोंडकिडा लागू नये म्हणून थप्प्या झाकून औषधाची धुरी देतात. मग हेच धान्य तालुक्याच्या सरकारी गोदामात जाते आणि तेथून रेशनच्या दुकानात पोचते. शाळेच्या खिचडीचा तांदूळही याच महामंडळाचा. तो पुरवठादाराच्या ट्रकातून शाळेच्या दारी उतरतो.

या व्यवस्थेला मी नावे ठेवणार नाही. ज्यांनी १९६५-६६ चे दिवस पाहिले आहेत त्यांना विचारा. पी. एल. ४८० च्या करारान्वये अमेरिकेतून गव्हाची जहाजे येत, आणि ती बंदराला लागली की देश दोन घास खाई. लाल मिलोच्या भाकरी तोंडात फिरत. त्या खाल्लेली माणसे अजून गावोगाव आहेत. अन्न महामंडळ निघाले ते १९६५ सालीच, आणि त्याचे पहिले कार्यालय तंजावरला उघडले. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या मजुरांना सुकडी मिळाली तीही सरकारने कोठून तरी धान्य आणून पोचवले म्हणूनच. तेव्हा कोठार हवे, मोठे हवे, भरलेले हवे, यात वाद नाही. वाद आहे तो कोठार कशासाठी, याविषयी.

पन्हाळ्यावर गेलेल्यांनी तेथला अंबारखाना पाहिला असेल. गंगा, यमुना आणि सरस्वती या नावांच्या त्या तीन इमारती पाहून आजही छाती दडपते. गडाला वेढा पडला तर महिनोन्‌महिने पुरावे एवढे धान्य साठवण्याची ती सोय होती. अशा कोठाराचा धर्म राखण्याचा. मूठभर धान्य वाया जाणे म्हणजे एका शिपायाचा एक दिवस वाया जाणे. म्हणून तेथला हवालदार दाणा न्‌ दाणा मोजून घेईल आणि किल्ली छातीशी धरील, तर ते योग्यच. गडाचे कोठार राखण्यासाठी असते. घरची कोठी वाढण्यासाठी असते. दोन्हींना कुलूप असते, पण कुलपाचा हेतू वेगळा असतो. आमच्या प्रजासत्ताकाचे दुर्दैव असे की त्याने कोठी बांधली घरासाठी आणि तिच्यावर पहारा बसवला तो गडाचा.

हे शब्दांचे खेळ वाटत असतील तर गेल्या पाव शतकातला इतिहास बघावा.

२००१ साली राजस्थानात दुष्काळ होता. माणसे पाला आणि रानातले बी शिजवून खात होती आणि जयपूरच्या आसपास सरकारी गोदामे भरलेली होती. देशभरच्या कोठारांत मिळून त्या वर्षी सहा कोटी टनांच्या आसपास धान्य पडून होते. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संस्थेने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. प्राथमिक शाळांतल्या मुलांना १९९५ पासून जे मिळे ते बहुतेक राज्यांत कोरडे धान्य होते: ऐंशी टक्के हजेरी भरली तर महिन्याला तीन किलो. २८ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने आज्ञा केली की मुलांना शिजवलेले जेवण द्या; रोज किमान तीनशे उष्मांकांचे, वर्षातून किमान दोनशे दिवस. ज्या खिचडीचा वास आज जिल्हा परिषदेच्या शाळांतून येतो ती खिचडी अशी न्यायालयाच्या दारातून आली आहे. घरच्या पोराला वाढण्यासाठी आजीला कधी न्यायाधीशाची आज्ञा लागली होती काय?

२०१० साली उघड्या चौथऱ्यांवर ताडपत्रीखाली ठेवलेला गहू पावसात सडला. सडू देण्यापेक्षा गरिबांना फुकट वाटा, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. त्यावर तेव्हाचे पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग म्हणाले की सर्व गरिबांना धान्य फुकट देणे शक्य नाही आणि न्यायालयाने धोरणाच्या प्रांतात शिरू नये. त्यानंतर २०१३ साली अन्न सुरक्षा कायदा झाला आणि जानेवारी २०२३ पासून त्या कायद्याखालचे धान्य फुकटच मिळू लागले. जे २०१० साली अशक्य होते ते तेरा वर्षांत नियम होऊन बसले. मग अशक्य काय होते? धान्य तर तेव्हाही होते. उणीव होती ती किल्ली फिरवणाऱ्या मनगटाची.

आणि २०२० सालचा मार्च कोण विसरेल? २४ तारखेच्या रात्री देश बंद झाला. ठाण्याहून, पुण्याहून, नाशिकहून माणसे मुले खांद्यावर घेऊन आपापल्या मुलखाकडे चालत निघाली. १ एप्रिलला सरकारी कोठारात साडेपाच कोटी टनांहून अधिक गहू-तांदूळ होता. नियमाने असायला हवा होता तो सुमारे दोन कोटी दहा लाख टन. ज्यांच्याजवळ कार्ड होते त्यांना एप्रिलपासून जादा धान्य जाहीर झाले, हे मान्य करायलाच हवे, आणि त्याने पुष्कळ चुली विझता विझता राहिल्या हेही. पण रस्त्यावर जो चालत होता त्याचे कार्ड एक तर गावी होते किंवा नव्हतेच. या कार्डाविना असलेल्या सुमारे आठ कोटी माणसांसाठी आठ लाख टन धान्य जाहीर झाले ते १४ मे रोजी. मधले पन्नास दिवस ती माणसे काय खात होती? रस्त्याकडेच्या गावांनी भाकऱ्या थापून वाढल्या, ते खात होती. गाव करी ते राव न करी, ही म्हण आम्ही अभिमानाने म्हणतो; पण तिच्यात रावाची जी नाचक्की आहे ती आम्हांला ऐकू येत नाही.

ताजी गोष्ट हवी असेल तर तीही आहे. तांदळाचे कोठार इतके तुडुंब झाले की २०२४-२५ च्या इथेनॉल वर्षासाठी त्यातला ५२ लाख टन तांदूळ मद्यार्क गाळण्यासाठी द्यायचे ठरले. किलोला साडेबावीस रुपये दराने. हा तांदूळ विकत घेऊन साठवायला सरकारला जो खर्च पडतो त्याच्या निम्म्याहून थोडासाच अधिक असा हा दर. आता शेजारी दुसरा हिशेब मांडू. शाळेत जेवणारी मुले सुमारे अकरा कोटी. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोजचे धान्य शंभर ग्रॅम, सहावी ते आठवीच्याला दीडशे. सर्वांनाच मोठ्या मुलाचे माप दिले आणि शाळेचे दिवस दोनशे वीस धरले, तरी वर्षाचे धान्य होते ३६ लाख टन. म्हणजे मोटारीच्या टाकीसाठी जेवढे निघाले तेवढे देशातल्या सगळ्या शाळकरी मुलांना सढळ हाताने वाढूनही संपले नसते. सडण्यापेक्षा जळलेले बरे, असे म्हणणारा मनुष्य हिशेबी खरा. पण ज्या घरात पोरांच्या पानात अन्न कमी पडते त्याच घरात धान्य जळणासाठी उरते कसे, हे त्याने आधी सांगावे.

पोरांच्या पानात कमी पडते, हे मी वाऱ्यावर बोलत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या शंभर मुलांमागे छत्तीस मुले वजनाने कमी भरली. हा मुंबई-पुण्याचा, साखर कारखान्यांचा, द्राक्षे परदेशी धाडणारा महाराष्ट्र!

येथे मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची आठवण कोणाला होणार नाही? दुर्गादेवीच्या दुष्काळात माणसे टाचा घासून मरू लागली तेव्हा बिदरच्या बादशहाच्या या अंमलदाराने सरकारी कोठारे उघडली आणि रयतेला लुटवली. बादशहाने त्याला पकडून आणायला माणसे धाडली. परंपरा सांगते की तेव्हा पंढरीचा राणा विठू महाराच्या रूपाने बिदरला गेला, धान्याचे पैसे भरले आणि पावती घेऊन आला. कीर्तनात ही कथा ऐकताना आपले डोळे पाणावतात. पण कथेतला एक बारकावा टाळ्यांच्या गजरात निसटून जातो. खुलासा मागितला गेला तो कोठार उघडणाऱ्याकडे. शेजारच्या परगण्यात ज्यांनी कोठारे बंद ठेवली आणि माणसे मरू दिली त्यांच्याकडे बादशहाने काही विचारल्याचे कथेत नाही. त्यांचा हिशेब चोख होता!

सहा शतके लोटली. बादशहा गेले, पण हिशेबाची ती वही तशीच राहिली. आजच्या गोदामपालाची गत पाहा. थप्पीतली एक गोणी कमी भरली तर चौकशी, वसुली, प्रसंगी निलंबन. ते असावेच, गोदामातून धान्य काळ्या बाजारात कसे जाते हे ठाऊक नाही असा कोण आहे? पण ट्रक आठ दिवस उशिरा गेल्यामुळे एखाद्या आश्रमशाळेतली मुले तीन दिवस नुसत्या पातळ वरणावर राहिली, तर ते लिहायला गोदामात रजिस्टर नाही. आवक आहे, जावक आहे, तूट आहे, घट आहे. भूक हा रकानाच नाही. गोणी मोजायची आणि पोट मोजायचे नाही, अशा हिशेबात प्रामाणिक मनुष्यसुद्धा अखेर कुलपाचाच चाकर होतो. मी त्या गोदामपालाला दोष देत नाही. देवाने पावती आणून द्यावी तेव्हा नोकरी वाचावी, अशी जोखीम पोराबाळांच्या धन्याने कोणत्या भरवशावर घ्यावी?

आता साखळीच्या शेवटच्या कडीपाशी जाऊ, म्हणजे शाळेच्या व्हरांड्यात. पहिल्या टोकाला अडीच हजार टनांची गाडी रिकामी करून घेणारे कोठार. शेवटच्या टोकाला पुष्कळदा एक कोपरा, दोन पिंपे आणि त्यांवर ठेवलेली नकाशांची गुंडाळी. उंदीर पहिल्या टोकाला लागू नये म्हणून शास्त्र आहे. शेवटच्या टोकाला मुख्याध्यापकाची काठी आहे. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमध्ये, सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावी, शाळेतले जेवण खाऊन २३ मुले मेली. तेलात कीटकनाशक मिसळले होते. त्या शाळेचा शिधा शाळेत राहत नव्हता, मुख्याध्यापिकेच्या घरी राहत होता. कोट्यवधी टनांची कोठारे बांधणाऱ्या देशाला त्या मुलांसाठी कुलपाची एक कोरडी खोली बांधता आली नाही.

तांदूळ सरकार फुकट देते. बाकी डाळ, भाजी, तेल, मीठमसाला आणि जळण यांसाठी १ मे २०२५ पासून लहान मुलामागे दिवसाला ठरले आहेत ६ रुपये ७८ पैसे, मोठ्या मुलामागे १० रुपये १७ पैसे. फराळाची एक चकली बाजारात काय पडते ते वाचकांना ठाऊक आहे. मी तुलना करीत बसत नाही. जी बाई हे अन्न शिजवते तिच्यासाठी केंद्राने २००९ साली महिना हजार रुपये मानधन धरले, तेही वर्षातले दहा महिने; आणि पंधरा वर्षे उलटून गेली तरी तो आकडा जागचा हलला नाही. राज्ये आपापल्या ऐपतीप्रमाणे त्यात भर घालतात. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एक अंडे, न खाणाऱ्याला फळ, असा चांगला निर्णय केला. आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा वेगळा पैसा बंद करून शाळांना सांगितले की लोकवर्गणीतून भागवा. ज्या गावची मुले अंड्यासाठी शाळेकडे पाहतात त्या गावाकडे अंड्यासाठी वर्गणी मागायची! तहानलेल्यालाच पाणी आणायला पिटाळावे, तशातली ही तऱ्हा.

आमच्या कोठीला दोनच धान्ये ओळखू येतात, गहू आणि तांदूळ. त्यांचीच खरेदी मोठी, त्यांचीच वाहतूक, त्यांचीच थप्पी. २०१७ साली विदर्भ-मराठवाड्यात तुरीचे अमाप पीक आले. शेतकरी खरेदी केंद्रांपुढे दिवसचे दिवस रांगा लावून बसले; बारदाना नाही, ठेवायला जागा नाही, म्हणून मापे थांबली. त्याच तालुक्यातल्या शाळेत मुलाच्या वाट्याची डाळ होती रोज वीस ग्रॅम. तूर दारात, पोर घरात, आणि मध्ये गोदाम नाही! ज्वारी-बाजरी पिकवणाऱ्या मुलखातल्या पोराने परप्रांतातून आलेला तांदूळ खावा आणि त्याच्या बापाने बाजरी पडेल भावाने विकावी, यात व्यवस्था कोणाची आणि शहाणपण कोणाचे?

यावर तीन बाजूंनी उत्तरे येतात. तिन्हींचा समाचार घेतलाच पाहिजे.

पहिले उत्तर पोट भरलेल्या माणसांचे: फुकट खाऊन लोक आळशी होतात. आठ वर्षांची मुलगी खिचडी खाऊन आळशी होते ती नेमकी कोणत्या कामापासून चुकते, हे या मंडळींनी सांगावे. आणि दिवाळीत आपण स्वतः जे चार दिवस खातो ते कोणते काम करून, हेही.

दुसरे उत्तर विद्वानांचे आहे आणि त्यात तथ्य आहे. कोठारे महाग पडतात, गळती होते, सडते. तेव्हा माणसांच्या हाती रोकड द्या आणि कोठार आटोपशीर करा. २०१५ साली शांताकुमार समितीने याच दिशेने शिफारशी केल्या. कायद्याने लोकसंख्येतल्या सदुसष्ट टक्के लोकांना दिलेले धान्य चाळीस टक्क्यांवर आणावे, असेही सुचवले. गळतीविषयी ते जे सांगतात ते खरे आहे. पण रोकड बाजारात चालते, आणि बाजार जेथे पोचत नाही किंवा जेथे अडचणीच्या दिवशी भाव चढवून बसतो, तेथेच भूक असते. मेळघाटातल्या एखाद्या पाड्यावर पावसाळ्यात रस्ता तुटला की नोट शिजवून खाता येत नाही. शिवाय घर गळत असेल तर कौले शाकारतात. घरातली माणसे बाहेर काढून गळतीचा आकडा कमी करीत नाहीत. माणसे तर आताच बाहेर आहेत. कोणाला किती कार्डे द्यायची हे अजून २०११ च्या जनगणनेवर चालले आहे. २०२१ ची शिरगणती वेळेवर झाली नाही, आणि त्यानंतर वाढलेली तोंडे कोठीच्या हिशेबात नाहीत.

तिसरे उत्तर सज्जनांचे, आणि म्हणून सर्वांत अवघड. ते म्हणतात, सरकारचे सोडा, आपणच अन्नपेढ्या काढू. लग्नातले, हॉटेलातले उरलेले गोळा करू आणि गरजूंना पोचवू. ही कल्पना अमेरिकेत रुजली. १९६७ साली ॲरिझोनातल्या फीनिक्स शहरी जॉन व्हॅन हेंगेल नावाच्या गृहस्थाने दुकानांतून टाकले जाणारे चांगले अन्न साठवून वाटणारी पहिली पेढी काढली. आज त्या देशात सुमारे दोनशे विभागीय अन्नपेढ्या आहेत. त्यांच्या मोठमोठ्या वखारींतून देवळांच्या, शाळांच्या, वस्त्यांच्या भोजनगृहांना अन्न जाते. त्या कामापुढे मी हात जोडतो. पण तेथलाही अनुभव पाहा. सरकार शेतमाल विकत घेऊन यांतल्या काही मालाची भर घालते. आणि २०२५ साली तेथल्या शेती खात्याने सुमारे पन्नास कोटी डॉलरांचा असा माल पाठवणे एका फटक्यात रद्द केले. पेढ्यांनी विनवण्या केल्या. दावा सांगायला भुकेल्याजवळ कागद नव्हता. दानाचे असेच असते. देणाऱ्याचा हात थांबला की घेणाऱ्याने गप्प बसायचे. आपल्याकडे २०१३ पासून निदान कागदावर तरी अन्न हा हक्क आहे. हक्काच्या जागी दया आणून बसवणे म्हणजे पायरी चढणे नव्हे. उरलेला फराळ शेजारच्या वस्तीत जरूर द्या. पण त्याने कोठीच्या किल्लीचा प्रश्न सुटला असे समजून ढेकर देऊ नका.

मग करावे काय? मला दामाजी नको आहेत. दामाजींची वाट पाहणाऱ्या राज्यात मध्येच एखादा दामाजी होतो आणि बाकीची सगळी वर्षे कुलपाची असतात. मला हवा आहे तो उलटा नियम: कोठार उघडणाऱ्याला नव्हे, उपाशी ठेवणाऱ्याला खुलासा विचारणारा. आणि गंमत अशी की असा नियम अर्धामुर्धा झालेला आहे! अन्न सुरक्षा कायद्याखाली २०१५ साली शाळेच्या जेवणाचे नियम झाले. त्यांत म्हटले आहे की शाळेच्या दिवशी जेवण मिळाले नाही तर त्या दिवसाचे धान्य आणि शिजवण्याचा खर्च मुलाला भत्ता म्हणून पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत द्यावा. आणि लागोपाठ तीन दिवस किंवा महिन्यातून पाच दिवस जेवण चुकले तर राज्य सरकारने जबाबदारी कोणाची ते ठरवावे. भुकेचा रकाना कायद्यात आहे, वहीत नाही. हा नियम किती शाळांच्या भिंतीवर लिहिलेला आहे? सुविचार तर रोज लिहितात; एक दिवस हा लिहावा.

तेव्हा मागणे चार गोष्टींचे आहे. शाळेच्या दर्शनी भिंतीवर हा नियम, मोठ्या अक्षरांत. तालुक्याच्या गोदामाच्या दारावर दरमहा एक पाटी: या महिन्यात कोणत्या शाळेत किती दिवस अन्न शिजले नाही. प्रत्येक शाळेला एक कोरडी, कुलपाची कोठी आणि तिच्यात एक महिन्याचा आगाऊ शिधा, म्हणजे घाटात ट्रक बंद पडला तर पोरांची चूल बंद पडणार नाही. आणि चौथे, तालुक्याच्या गोदामात त्या तालुक्याची तूर, ज्वारी आणि बाजरी, शेतकऱ्याच्या घामाला साजेल अशा भावाने घेतलेली. यांपैकी एकाही गोष्टीला परदेशातून तज्ज्ञ आणावे लागत नाहीत.

वाचकहो, सुट्टी संपून शाळा उघडेल तेव्हा एक काम करा. तुमचे मूल खाजगी शाळेत जात असले तरी हरकत नाही. कदाचित म्हणूनच जा. गावातल्या, गल्लीतल्या सरकारी शाळेत दुपारी जेवणाच्या सुट्टीत जा. शिजवणाऱ्या बाईंना नमस्कार करा. शिधा कोठे ठेवता ते पाहा, गेल्या महिन्यात किती दिवस चूल पेटली नाही ते विचारा, आणि उत्तर लिहून घ्या. परतताना तोच प्रश्न तालुक्याच्या गोदामात विचारा. पहिल्या खेपेला तुम्हांला कोणी बसायला खुर्ची देणार नाही. दहा जण गेले तर देतील. शंभर गेले तर वहीत नवा रकाना आखतील.

आजी गेली तेव्हा तिच्या जुडग्यातली कोठीची किल्ली आईकडे आली. आईने विचारले होते, ‘यापुढे कोठी मी सांभाळू?’ आजीने तेव्हा डोळे मिटलेले होते, पण तिने उत्तर दिले: ‘कोठी नको गं, माणसं सांभाळ.’ देशाच्या कोठीची किल्ली ज्यांच्या हाती आपण दर पाच वर्षांनी देतो, त्यांना ती देताना एवढे एकच वाक्य सांगायचे आपण विसरत आलो आहोत.